कुलपातलं पेट्रोल

गाडी उभी होती आणि इंजिन पळत होतं. अमरावतीत, राजापेठेत मालकाच्या दारासमोर डोमाजी तायडे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. पाय पेडलवरून केव्हाचाच काढलेला, तरी आत कोणी लपून रेस देत असावं तसं ते इंजिन घोंघावत होतं. चांगली गाडी उभ्या जागी कशी घुरघुरते ते डोमाजीला पाठ होतं. चुलीपाशी निजलेल्या मांजरीसारखी. ही तर पिसाळल्यासारखी करत होती. बाजूनं जाणारा टांगेवाला म्हणाला, ‘डोमाजी, सोड तिले. जाऊ दे कुठी जाते तं.’ डोमाजीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दसऱ्यापर्यंत असं काही नव्हतं. थंडी पडली आणि गाडीचं डोकं फिरलं.

गाडी खुशालरावांची. खुशालराव माळी. बाप चांदूर बाजारात डोक्यावर टोपलं घेऊन मेथीच्या अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायचा. पोरानं दोन मळे केले, संत्र्याचे बाग लावले, राजापेठेत घर बांधलं आणि अकोल्यात आडत टाकली. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून त्यानं ही विलायती गाडी घेतली. हिरवी, लांबलचक, नवरदेवाच्या घोड्यासारखी नाक वर केलेली. जुनी होती. पेट्रोलचा काटा साहेबाच्याच राज्यात मेला होता, म्हणून डोमाजी बांबूची काडी टाकीत बुडवून पाहायचा. टाकी गळ्यापर्यंत भरली की अकोल्याच्या दोन खेपा व्हायच्या आणि वर काडी चार बोटं ओली निघायची. गाय किती दूध देते हे जसं घरच्या सगळ्यांना माहीत असतं, तसं हे खुशालरावांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि या हिवाळ्यात दुसऱ्या खेपेला परतताना, मूर्तिजापूरच्या अलीकडेच गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती उभी राहिली. खुशालराव मागं बसलेले, सोबत इंदूबाई, पायाशी भेटीची वांगी. डोमाजीनं काडी टाकली. कोरडी ठण्ण. डोमाजी डबा घेऊन गावाकडं पायी गेला आणि तो येईपर्यंत बागाईतदार खुशालराव माळी नवरा-बायको रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बैलबंडीवाल्यानं विचारपूस केली. त्यात खुशालरावांच्या ओळखीचे निम्मे निघाले.

खुशालराव तोंडानं शिवी देणारा माणूस नव्हता. गाडी पुन्हा चालू झाली आणि बडनेरा आल्यावर ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘डोमाजी, हिवाळ्यात पेट्रोल उडून जाते काय रे?’

‘नाई मालक. हिवाळ्यात काहून उडीन?’

‘तेच म्हनलं मी. उन्हाळ्यात उडत नाई, तं हिवाळ्यात काहून उडीन.’

बस. एवढंच. पण डोमाजीच्या कानात ते रॉकेलच्या थेंबासारखं जाऊन बसलं.

*

डोमाजी मूळचा बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातला. बाप गावकीची कामं करायचा; मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे. डोमाजी पोरगा असताना गावातला कोणी त्याला बंडीवर बसू द्यायचा नाही, मागून पायी चालायला लावायचा. लढाई लागली तेव्हा हा भरती झाला. बंदूक मिळेल म्हणून गेला आणि हाती आलं ट्रकचं स्टिअरिंग. आसामच्या चिखलात, डोंगरात त्यानं ट्रक हाकले. सुटून आला तेव्हा गावात मोटार हाकता येणारा तोच एक होता, आणि मोटार कोणाकडेच नव्हती. मग अमरावती गाठली. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला, पाच शीलं घेतली. त्यातलं खोटं न बोलण्याचं त्याला जरा जड जायचं, गप्पा हाकण्यात तो पटाईत होता. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावण्याचं शील त्यानं असं धरलं होतं, की संत्र्याच्या पेट्या गाडीत भरताना फुटून पडलेलं संत्रंसुद्धा तो मालकाच्या सीटवर ठेवायचा.

अंगानं वाळका, आणि जिवाला स्वस्थता म्हणून नाही. बसला तर पाय हलवणार, उभा राहिला तर बॉनेट पुसणार. वच्छला, त्याची बायको, म्हणायची की या माणसाला भाकरसुद्धा चालता चालता खावी लागते. त्याला स्वस्थ पाहायचं असेल तर एकच जागा होती: चालत्या गाडीत, स्टिअरिंगमागं. आणि आता तीच जागा त्याला टोचायला लागली होती.

तुम्हाला वाटेल, गाडी पेट्रोल जास्त पिऊन राहिली तर मिस्त्रीला दाखवावी, त्यात काय एवढं. पण गाडी मिस्त्रीला दाखवणं म्हणजे डोमाजीच्या मतानं आपल्या बायकोचं दुखणं शेजाऱ्याला विचारण्यासारखं होतं. लष्करात शिकलेला ड्रायव्हर आपली गाडी आपणच उघडतो. त्यानं प्लग काढून वाळूकागदानं घासले. कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला. कुठून हवा ओढते म्हणून जोडाजोडांवर तेल सोडून पाहिलं. टाकीखाली कागद अंथरून गळतं का ते पाहिलं. कागद कोरडा. रेस कमी करायचा स्क्रू पिळला, तेव्हा गाडी जरा गप्प झाली आणि भर चौकात बंद पडली. मागं टांगे, सायकली आणि एक म्हशींचा कळप अडकला.

शेवटी त्यानं हवेचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहिलं. तिथं एक पत्र्याची चकती असते, तिला चोक म्हणतात. सकाळी थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि हवा कमी, म्हणून ती चकती मिटलेली असते, आणि तेवढा वेळ गाडी मुद्दामच वाढीव रेसवर फिरते. काही गाड्यांत चोक हातानं ओढायचा असतो. या साहेबी गाडीत तो आपोआप चालायचा. बाजूच्या एका डबीत स्प्रिंग होती, इंजिनाचं पाणी त्या डबीला लागून जायचं. पाणी गरम झालं की स्प्रिंग सैल पडायची, चकती उघडायची आणि रेस खाली यायची. डोमाजीनं पाहिलं तर गाडी साठ मैल पळून आलेली आणि चकती अजून अर्धी मिटलेली. म्हणजे गाडी दिवसभर सकाळच्यासारखंच पेट्रोल पीत होती.

त्याला वाटलं, सापडलं. स्प्रिंग बिघडली. त्यानं डबी फिरवून स्प्रिंग सैल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. खुशालरावांचे दोन गडी, एक दूधवाला आणि डोमाजी, अशा चौघांनी ती लोटत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. खुशालराव ओट्यावर दात घासत उभे होते. डोमाजीनं डबी पुन्हा होती तशी केली. रेस पुन्हा सुरू.

तोवर बोलणं गल्लीत उतरलं होतं. वस्तीतल्या नळावर वच्छला पाण्याला उभी राहिली, तर मागून कोणी विचारलं की तुमच्या चुलीला आता लाकडं लागत नसतील, पेट्रोलवरच भाकर होत असेल. वच्छलानं घागर भरली, त्या बाईला म्हणाली की ये एक दिवस, तुझ्या नवऱ्याची मिशी पेटवून दाखवते. घरी येऊन मात्र तिनं घागर अशी आदळली की डोमाजीला न सांगता सगळं कळलं.

चोर. हा शब्द अजून कोणी तोंडावर उच्चारला नव्हता. पण तो अवतीभवती फिरत होता, आणि डोमाजीला माहीत होतं की त्याच्यासारख्या घरातून आलेल्या माणसाला हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. दुसरा ड्रायव्हर दुसरीकडे नोकरी धरेल. डोमाजीला राजापेठेत काय, अकोल्यातसुद्धा कोणी किल्ली हातात देणार नाही.

*

पौष महिन्यात इंदूबाई पुन्हा अकोल्याला आल्या. त्यांच्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडायच्या, चालताना रक्त यायचं. त्यावर त्यांचा एक इलाज होता. आडतीच्या मागच्या अंगणात गाडी उभी राहिली की डोमाजीनं रेडिएटरच्या खालचा नळ उघडून बादलीभर गरम पाणी काढायचं, इंदूबाईनं त्यात गार पाणी मिसळून पाय बुडवून बसायचं. ते गंजाचं लालसर पाणी भेगांना चांगलं, त्यात लोखंड असतं, असं त्या म्हणायच्या. छप्पन साल येऊन गेलं तरी इंदूबाई डोमाजीच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. पाय मात्र बुडवायच्या. गाडीचं पाणी कोणाच्या हातचं नसतं, असा त्यांचा हिशेब.

त्या दिवशी डोमाजीनं बादली समोर ठेवली आणि तो रेडिएटरमध्ये नवं पाणी ओतायला वळला. इंदूबाईनं गार पाणी मिसळण्याआधी नुसती बोटं बुडवली, मग आख्खा हात घातला.

‘काहून रे डोमाजी, आज गाडी चाललीच नाई काय? नुसतं कोमट हाय हे. लेकराले आंघोळ घालाव असं पानी हाय.’

डोमाजीला वाटलं, हा टोमणाच आहे, पेट्रोलचा. तो खाली मान घालून ओतत राहिला. मग त्याचा हात थांबला. त्यानं बादली ओढली आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला. साठ मैल पळून आलेल्या इंजिनाचं पाणी. याच नळाच्या पाण्यानं मागच्या माघात त्याच्या बोटांना फोड आले होते. आज त्याला हात काढून घ्यावासा वाटला नाही. इंदूबाई म्हणत होत्या की बादली दे इकडं. डोमाजी हात बुडवून तसाच उकिडवा बसला होता.

स्प्रिंग बिघडली नव्हती. स्प्रिंगला गरमच मिळत नव्हतं. आणि गरम का मिळत नव्हतं, त्याचं कारण डोमाजीनं स्वतःच्याच हातानं करून ठेवलं होतं.

मागच्या वैशाखातली गोष्ट. अकोल्याचा वैशाख तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथं दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. खुशालरावांना एका लग्नाला वेळेवर पोचायचं होतं आणि गाडी रस्त्यात तीनदा उकळली. समोर ओलं पोतं बांधून झालं, पाणी ओतून झालं. बोरगावच्या निंबाखाली डोमाजीनं इंजिन उघडलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक पितळेची झडप असते. पाणी गरम झालं की ती उघडते, थंड असेल तोवर मिटून बसते. डोमाजीनं ती झडपच उपटून काढली आणि वाट मोकळी केली. गाडी पुन्हा उकळली नाही. लग्नात खुशालरावांनी आपल्या ड्रायव्हरची तारीफ केली. डोमाजी फुगला. इतर ड्रायव्हरांना जमवून त्यानं सांगितलं, ‘हे विलायतच्या थंडीसाठी असते. तथी बर्फ पडते, त्याईले लागते. आपल्या वऱ्हाडात याचं काय काम?’ आणि सगळ्यांसमोर त्यानं ती झडप पऱ्हाटी उपटलेल्या कपाशीच्या वावरात भिरकावली. त्याचं ऐकून आणखी दोघा-तिघांनी आपापल्या गाडीतल्या काढल्या.

उन्हाळ्यात चाललं. पाऊसकाळ गेला. आणि थंडी पडल्यावर त्या मोकळ्या वाटेनं पाणी असं धावायला लागलं की त्याला तापायला सवडच मिळेना. विलायतेला हसणारा डोमाजी वऱ्हाडात थंडी पडते हेच विसरला होता. आमच्याकडच्या माणसाचं असंच असतं. उन्हाळ्याची धास्ती एवढी, की हिवाळा त्याच्या हिशेबातच नसतो.

इंदूबाईचे पाय कोरडे ठेवून तो तसाच अकोल्यातल्या गफूर मिस्त्रीकडे गेला. गफूरच्या अंगणात मेलेल्या गाड्यांचं हाडकांचं दुकान होतं. डोमाजीनं चहा नको म्हटलं, बसायला नको म्हटलं, आणि तसली झडप आहे का ते विचारलं. गफूरनं एक पिंप उपडं केलं, हात घालून एक झडप काढली आणि कुणासाठी पाहिजे, कशाला पाहिजे, सगळं दहा प्रश्नांत काढून घेतलं.

‘कंपनीवाला बेवकूफ था क्या, डोमाजी?’ गफूर म्हणाला. ‘शोभा के लिए लगाया था?’

‘कोनाले सांगू नको.’

‘अरे, किसको बताऊँ. सब तेरे जैसेच आते मेरे पास.’

रविवारी गाडी धुतो असं सांगून डोमाजीनं झडप बसवली. गाडी सुरू केली आणि तो बॉनेटपाशी उभा राहिला. आधी रेस चढलेली. मग पाणी तापलं, आत कुठंतरी टक् झालं आणि आवाज पायरी उतरल्यासारखा खाली आला. मांजर पुन्हा चुलीपाशी येऊन निजली. डोमाजीनं मनाशी ठरवलं, झालं गेलं. कोणाला काही सांगायचं नाही. आता पेट्रोल पुरेल, बोलणं आपोआप मिटेल.

सोमवारी सकाळी तो गाडी काढायला गेला, तर खुशालराव एका लोहाराला घेऊन गाडीच्या मागं उभे. लोहारानं पेट्रोलच्या झाकणाला कडी बसवली होती. खुशालरावांनी तिला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

‘रस्त्यानं हिंदकळून सांडत असन,’ ते म्हणाले. ‘म्हनून.’

*

पुढचे दिवस डोमाजीला काट्यावर गेले. टाकी भरली, अकोल्याच्या दोन खेपा झाल्या, खुशालरावांनी स्वतः कुलूप काढून काडी टाकली. चार बोटं ओली. जशी पूर्वी निघायची तशीच. खुशालरावांनी काडीकडे पाहिलं, डोमाजीकडे पाहिलं, आणि काडी त्याच्या हातात न देता स्वतःच डिकीत ठेवली.

त्याच संध्याकाळी ते गोवर्धनच्या पानाच्या दुकानापुढं थांबले. डोमाजी गाडीत, काच खाली. कोणीतरी गाडीची विचारपूस केली. खुशालराव चुना बोटावर घेत म्हणाले, ‘मिस्त्री लागला नाई, काई नाई. कुलूप लावलं अन् गाडी दुरुस्त झाली.’ दुकानापुढची सगळी माणसं हसली. गोवर्धनसुद्धा हसला आणि हसता हसता त्यानं गाडीकडे पाहिलं.

डोमाजीनं ज्या दुरुस्तीवर भरवसा ठेवला होता, तिनंच त्याला पक्का चोर करून टाकलं होतं.

घरी तो ताटावर बसला आणि उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. वच्छलानं त्याच्याकडून सगळं काढलं. इतके दिवस त्यानं झडपेची गोष्ट तिलासुद्धा सांगितली नव्हती. ती ऐकून घेऊन पुन्हा भाकर थापायला लागली.

‘मंग मालकाले सांगत काहून नाई तुमी?’

डोमाजीनं कारणं सांगितली. लग्नात एवढी तारीफ झाली, सगळ्या ड्रायव्हरांसमोर आपण विलायतवाल्यांना येडं ठरवलं, आता सगळं हसं होईल, लष्करात शिकलेला ड्रायव्हर म्हणून इज्जत आहे ती जाईल.

वच्छलानं भाकर तव्यावर टाकली. ‘म्हंजे चोर म्हनलेलं चालते तुमाले, येडा म्हनलेलं नाई चालत.’

डोमाजीनं पायात चपला घातल्या.

खुशालराव ओट्यावर हिशेब सोडून सुपारी कातरत बसले होते. डोमाजीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. निंबाखाली झडप काढली ते, वावरात फेकली ते, इंदूबाईची बादली, गफूरचं पिंप, रविवार. आत दाराआड इंदूबाई ऐकत होत्या. खुशालरावांचा अडकित्ता मध्ये एकदाही थांबला नाही.

‘गोठ चांगली हाय,’ ते म्हणाले. ‘पन कुलूप लागल्यावरच कशी याद आली तुले?’

डोमाजीला याचंच भय होतं. तो म्हणाला, ‘मालक, मी ते झडप पुन्हा काढतो. तुमच्या डोयासमोर. कुलूप राहू द्या, किल्ली तुमच्यापाशी राहू द्या. टाकी तुमी भरा. अकोल्याच्या दोन खेपा करू, तुमी मांग बसा. कुलपातलं पेट्रोल कोन पेते ते पायजा.’

‘अन् चार बोटं निघालं तं?’

‘तं मी चोर. किल्ली ठेवतो अन् गावाले जातो.’

दाराआडून इंदूबाई म्हणाल्या, ‘पानी कोमटच होतं, बरं.’ खुशालरावांनी त्यांना आत जायला सांगितलं. पण हो म्हणाले.

बोलून झाल्यावर डोमाजीच्या ध्यानात आलं, की तोवर शिवरात्र आली होती. शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात. दुपारी ऊन चांगलं लागायला लागलं होतं, आणि उन्हात ते मोकळं पाणीसुद्धा तापेल, चकती उघडेल, गाडी शहाण्यासारखी वागेल. ज्या गाडीनं पेट्रोल पिऊ नये म्हणून त्यानं तीन महिने जिवाचं रान केलं, ती आता पिऊ दे म्हणून त्याला वाट पाहायची होती.

झडप निघाली, खुशालरावांनी ती रुमालात बांधून खिशात घातली, टाकी भरली, कुलूप लागलं. पहिली खेप झाली. दुसऱ्या खेपेला अकोल्याहून निघताना ऊन डोक्यावर होतं. डोमाजीनं काच खाली केली तर गरम वारा आला. त्यानं वाऱ्याला मनातल्या मनात शिवी दिली. बोरगाव गेलं. मूर्तिजापूर आलं, जिथं मागं गाडी मेली होती, ते बाभळीचं झाडही गेलं. गाडी झकास पळत होती. खुशालराव मागून म्हणाले की आज गाडी हलकी चालून राहिली. डोमाजीचा डावा पाय एकसारखा हलत होता. कुरूम गेलं. उन्हं उतरायला लागली आणि त्याला जरा बरं वाटलं. मग दूर झाडांवर बडनेऱ्याचा धूर दिसायला लागला आणि ते बरं वाटणंही गेलं. त्यानं ठरवून टाकलं, की बडनेरा ओलांडलं तर राजापेठेत शिरायचंसुद्धा नाही. वेशीतच किल्ली द्यायची.

लोणीपाशी गाडीनं उचकी दिली. ती पुन्हा पळाली, एक फर्लांग गेली, पुन्हा उचकी, मग आणखी एक, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ती उभी राहिली. डोमाजी खाली उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

खुशालराव उतरले. करदोड्याची किल्ली काढताना त्यांना धोतराचा सोगा वर धरावा लागला. कुलूप उघडलं, काडी टाकली, बाहेर काढून पाहिली, हातावर घासून पाहिली, नाकाला लावून पाहिली. मग कुलूप हातात घेऊन ते उलटंसुलटं करून पाहिलं, जणू त्यालाच भोक असेल. मग डोमाजीच्या खिडकीशी आले.

‘डबा हाय काय डिकीत?’

‘हाय. भरूनच आनला.’

‘मले वाटलंच.’ ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, ‘मंग वैशाखात काहून काढलं होतं बे ते?’

‘अक्कल नवती म्हून.’

खुशालरावांच्या पोटातून हसू आलं. आधी नुसतं पोट हाललं, मग आवाज बाहेर पडला आणि ते गाडीला टेकले. हसणं ओसरल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढला, झडप डोमाजीच्या हातात दिली आणि म्हणाले की आता बसवून टाक, पोरा, घरी जाऊ. कुलूप त्यांनी गाडीला परत लावलं नाही. वाया कशाला घालवायचं म्हणून ते पुढं संत्र्याच्या गोदामाला लागलं.

पण डोमाजी झडप हातात घेऊन खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला.

‘एक काम करा लागीन मालक. गोवर्धनच्या दुकानी तुमी कुलपाचं सांगतलं होतं. तथीच हेबी सांगा.’

‘हे सांगू? तुले हासतीन लोकं.’

‘हासू द्या.’

खुशालरावांनी सांगितलं. त्यांना गोष्ट सांगता यायची, आणि ही तर त्यांच्या आवडीची निघाली. डोमाजी विलायतवाल्यांना कसा हसला, इंदूबाईचे पाय कसे कोरडे राहिले, लोणीला काडी कशी कोरडी निघाली, सगळं रंगवून. दुकानापुढं हशा पिकला. ज्या ड्रायव्हरांनी डोमाजीचं ऐकून झडपा फेकल्या होत्या, ते चोरासारखे गफूरकडे पिंप धुंडाळायला गेले आणि तिथून परतल्यावर त्यांनीच डोमाजीचं नाव ठेवलं: विलायती डोमाजी. राजापेठेत, बडनेऱ्याच्या फाटकाशी, अकोल्याच्या आडतीत, जिथं गाडी थांबेल तिथं कोणी ना कोणी विचारायचं, काय विलायती, आज बर्फ पडते काय?

त्यावर डोमाजी चिडायचा नाही. गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा, आणि ज्याला माहीत नाही त्याला पहिल्यापासून सांगायचा. सांगताना एक पाय मडगार्डवर, मग दुसरा. दर वेळी तो थोडा अधिक येडा व्हायचा. पुढं पुढं तर त्याच्या गोष्टीत इंजिनावर बर्फ जमलेला असायचा, आणि खुशालराव मागं गोधडी पांघरून बसलेले असायचे. एकदा वच्छलानं ते ऐकलं आणि नंतर म्हणाली, ‘बर्फ कई पडला होता हो? अन् गोधडी कोनाची?’

‘सांगा लागते तसं,’ डोमाजी म्हणाला. ‘नाई तं लोकं मंधातच उठून जातात.’

आणि हातातला चहा अर्धा ठेवून तो बॉनेट पुसायला गेला.